टाक्यावरची पाटी : एका घाटवाटेवरच्या भांडणाचा प्रकरण अभ्यास

कर्जत-मुरबाडच्या पट्ट्यात कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या अनेक जुन्या वाटांपैकी ही एक. तिचं नाव देत नाही. माणसांची नावं झाकायची हा अशा लिखाणाचा रिवाजच आहे. वाटेचं नाव झाकण्याचं कारण मात्र या प्रकरणाच्या पोटातच आहे. मी यात तटस्थ नाही, हेही आधीच सांगते. पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या दोन माझ्या आहेत.

## पार्श्वभूमी

वाट साधारण तीन-साडेतीन तासांची. पायथ्याशी ठाकरांची वाडी, तीसेक घरं. वाडी मागे पडली की वरकस जमिनीचे तुकडे, त्यांत नाचणी आणि वरई. शेतांच्या वर रान सुरू होतं: ऐन, करवंदीच्या जाळ्या आणि पुढे नुसती कारवी. निम्म्या चढावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. त्याच्याही वर शेवटच्या कातळटप्प्यात जुन्या पावठ्या, म्हणजे खोदलेल्या पायऱ्या, आणि मग एकदम मोकळं पठार. नाणेघाटासारखा शिलालेख किंवा जकातीचा रांजण इथे नाही. पण टाकं आणि पावठ्या कुणीतरी कशासाठी तरी खोदल्या, म्हणजे ओझी घेऊन माणसं इथून जात होती. वाडीतली माणसं अजून जातात. माथ्यावरच्या गावात त्यांच्या सोयरिकी आहेत.

आमचा गट डोंबिवली-ठाण्याचा, सहा-सात जणांचा. रात्रीची शेवटची कर्जत लोकल, फलाटावर वर्तमानपत्र अंथरून डुलकी, पहाटे सहा आसनी रिक्षा आणि उजाडताना वाडी, हा ठरलेला क्रम. गटाचे म्होरके अण्णा. रेल्वेतून निवृत्त झालेले, प्रकरण घडलं तेव्हा वय ६४. १९९६ साली ते पहिल्यांदा ही वाट चढले आणि मग दर वर्षी तीनदा तरी चढत राहिले: पहिल्या पावसात, दसऱ्याच्या सुमाराला आणि थंडीत. वाटेला ४१ वळणं आहेत हे त्यांनी मोजलेलं. त्यांतल्या बऱ्याच वळणांना त्यांनी नावंही ठेवली होती. एक 'दम', एक 'सासू', एक 'सुटलो'. नवीन माणूस आला की त्याला ही नावं पाठ करावी लागत.

अण्णांच्या बरोबर कायम त्यांचा एक मित्र असे. टाक्यावर पोचलं की मित्राने स्टोव्ह काढायचा, अण्णांनी चहा टाकायचा आणि साखर कुणी विसरली यावरून दोघांनी भांडायचं. २०२० च्या सप्टेंबरात हा मित्र कोविडने गेला. आमच्यापैकी कुणालाही शेवटचं बघता आलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये अण्णांनी वहीच्या पानाएवढी स्टीलची पाटी करून आणली. नाव, दोन सालं आणि खाली 'या वाटेचा सोबती'. टाक्याच्या वरच्या कातळात बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलने दोन भोकं पाडून त्यांनी ती बोल्टने बसवली. पाटी सरळ बसली का, ते लांब उभं राहून मीच सांगितलं. त्या क्षणी हे चुकीचं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. आम्ही सगळे रडत होतो.

त्याआधीच्या दोन गोष्टी इथेच नोंदवते. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्यातली दोन मुलं पठारावर धुक्यात ढोरवाटांच्या जाळ्यात चुकली आणि रात्री भलत्याच गावात उतरली. पुढच्या खेपेला अण्णा पिवळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. पायथ्यापासून माथ्यापर्यंत २३ बाण काढले. दुसरी गोष्ट माझी. २०१९ मध्ये मी या वाटेचा जीपीएस ट्रॅक मोबाइलवरच्या एका ॲपवर टाकला, टाक्याच्या फोटोसकट. सात-आठ जणांनी 'मस्त' लिहिलं. मला बरं वाटलं.

## अडचण

२०२२ पासून वाटेवर अनोळखी माणसं दिसायला लागली, आणि २०२३ च्या पावसाळ्यात बसगाड्या. त्या सुमारास सह्याद्रीत सगळीकडेच हे चाललं होतं. २०२३ मध्ये लोहगडाच्या दरवाजांत माणसं तासन्‌तास अडकून पडल्याचे व्हिडिओ पुष्कळांनी पाहिले असतील. गर्दीला कंटाळलेली माणसं 'कमी गर्दीची' जागा शोधतात, आणि तिथे गर्दी करतात. आमच्या वाटेवर येणाऱ्या बॅचेस व्यावसायिक होत्या: ७९९ रुपयांत प्रवास, पोहे, जेवण, लीडर आणि वर प्रमाणपत्र. चाळीस-पन्नास जणांमागे दोन लीडर.

डोंगरात चालण्याचे आपल्याकडे काही अलिखित नियम आहेत. चढणाऱ्याला वाट द्यायची. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला मात्र सगळ्यांनीच द्यायची, तो चढत असो की उतरत. बाजूला होताना डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या अंगाला कधीच नाही; समोरून गुरं येत असतील तर हे जिवाशी गाठ असल्यासारखं पाळायचं. पायाखालून दगड सुटला तर 'दगड!' म्हणून ओरडायचं, एरवी आवाज खाली. पिण्याच्या टाक्यात उतरायचं नाही. पाणी भांड्याने काढायचं आणि लांब जाऊन हातपाय धुवायचे. हे कुणी शिकवत नाही. चार वेळा जाणत्या माणसाच्या मागून चाललं की अंगात भिनतं. चाळीस जणांच्या रांगेत शेवटच्या माणसाला जाणता दिसतच नाही, मग भिनणार कुठून?

ब्लूटूथ स्पीकर ही सगळ्यात उठून दिसणारी कटकट. पावसाळ्याच्या सकाळी त्या कारवीच्या रानात शीळकरी कस्तुर शीळ घालतो, अगदी एखाद्या पोराने रमतगमत घातल्यासारखी. तो ऐकायचा तर पावलांचाही आवाज नको असतो. पण स्पीकर बंद केला की आवाज संपतो. खरं नुकसान करत होता तो शॉर्टकट.

वळणावळणाची वाट ही आळशी माणसाची सोय म्हणून केलेली नसते. कर्जतच्या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वाट आडवी-तिडवी फिरते म्हणून पाण्याला वेग येत नाही आणि प्रत्येक वळणावर ते थोडं बाहेर सांडतं. माणसं वळणं कापून सरळ उतरू लागली की बुटांनी गवत जातं, खालचा मुरूम सुटतो, आणि पहिल्याच जोराच्या सरीत पाण्याला आयती घसरगुंडी मिळते. आमच्या वाटेची खालची सहा वळणं अशी कापली गेली होती. २०२२ मध्ये तिथे नुसती घसट होती. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत गुडघाभर घळ झाली. ती घळ सरळ खाली शेतात उघडत होती.

## टाक्यापाशी काय घडलं

ऑगस्ट २०२३, स्वातंत्र्यदिनाला लागून आलेला रविवार. खाली तीन बस उभ्या होत्या. आम्ही सहा जण टाक्यापाशी पोचलो तेव्हा तिथे साठ-सत्तर माणसं असतील. स्पीकर चालू. एक मुलगा टाक्यात उडी मारून पोहत होता आणि बाकीचे त्याची रील काढत होते. अण्णांच्या पाटीखाली एक तरुण लीडर, पंचविशीचा असेल, आपल्या ग्रुपचा गोल स्टिकर चिकटवत होता.

अण्णा ओरडले. आधी स्टिकरवरून, मग टाक्यावरून, मग सगळ्यावरूनच. लीडर आधी शांत होता, 'काका, काका' करत होता. मग त्याने जो प्रश्न विचारला तो या प्रकरणाचा गाभा आहे.

"काका, ही पाटी तुम्हीच लावलीत ना? आणि ते पिवळे बाण? मग आमच्या स्टिकरचं काय वाईट?"

"तो माणूस पंचवीस वर्षं येत होता इथे!"

"मग पंचवीस वर्षांनी लावला तर चालेल?"

अण्णांनी स्टिकर ओरबाडून काढला. कुणीतरी त्यांचा हात धरला, कुणीतरी ढकललं. मारामारी झाली नाही, पण चाळीस सेकंदांचा व्हिडिओ झाला आणि 'ट्रेकर काकांची दादागिरी' म्हणून तो दोन दिवस फिरला. आम्ही माथ्यावर न जाता खाली उतरलो. १९९६ पासून पहिल्यांदाच अण्णा टाक्यावरून मागे फिरले होते.

हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो आम्ही घालवला. अण्णांना थांबवायला हवं होतं, ते काम माझं होतं. साठ माणसांसमोर कुणालाही चूक कबूल करता येत नाही, त्या पोरालाही नाही. टाक्यात पोहणाऱ्याला बाहेर काढणं तेवढं तातडीचं होतं. स्टिकर दुपारीही निघाला असता.

त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. परतीच्या लोकलमध्ये आम्ही एकमेकांना समजावत राहिलो की पाटी आणि स्टिकर यांत फरक आहे. पाटीत दुःख आहे, स्टिकरमध्ये जाहिरात. फरक आहेच. पण कातळाला तो कळत नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्या माणसालाही. त्याला एवढंच दिसतं की इथे आपलं नाव लावून जायची पद्धत आहे. टाकं संरक्षित स्मारकांच्या यादीत नव्हतं म्हणून १९६० चा राज्याचा स्मारक कायदा आड आला नाही, एवढंच.

## काटे

पुढचा निर्णय अण्णांनी एकट्याने घेतला. दोन आठवड्यांनी ते कुणाला न सांगता गेले, करवंदीच्या फांद्या तोडल्या आणि शॉर्टकटची खालची-वरची दोन्ही तोंडं काट्यांनी गच्च बुजवली. खाली फुटणारी आणखी एक पाऊलवाटही बुजवली, कारण तीही ट्रेकर लोकांनी पाडली असावी असं त्यांना वाटलं.

ती वाडीतल्या बायकांची सरपणाची वाट होती. त्या दिवशी संध्याकाळी दोघी जणी डोक्यावर मोळ्या घेऊन उतरत होत्या. काटे बघून त्यांना लांबचा वळसा पडला, आणि अंधारात त्यांतल्या एकीचा पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी मला वाडीतून फोन आला. आम्ही ज्यांच्या ओट्यावर गेली कित्येक वर्षं चहा पितो त्या मामांचा.

"ताई, अण्णांना इचार, आमी आता कुठून जायाचं?"

४१ वळणं तोंडपाठ असलेल्या माणसाला ती पाऊलवाट माहीत नव्हती. ती वर जात नाही ना. आडवी जाते, रानात. आम्ही सत्तावीस वर्षांत फक्त वर जाणारी वाट पाहिली होती.

## समोर असलेले पर्याय

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सहा जण माझ्या घरी बसलो. पाच सूचना आल्या.

तक्रार करून वाट बंद पाडायची, ही पहिली. कर्जत तालुक्यातल्या काही धबधब्यांवर आणि धरणांवर पावसाळ्यात मनाईचे आदेश निघतात, तसा इथेही निघेल. पण बंदी सगळ्यांनाच लागू होते, आणि वाडीतल्या चार घरांना बॅचेसच्या जेवणाचे पैसे मिळत होते. त्यांना न विचारता त्यांचा रोजगार बंद करणारे आम्ही कोण? ही सूचना दहा मिनिटांत बाद झाली.

दुसरी, त्या ग्रुपला समाजमाध्यमांवर उघडं पाडायचं. टाक्यात पोहणाऱ्याचे फोटो आमच्याकडे होते. आमच्यातल्या दोघांचा या सूचनेसाठी हट्ट होता, आणि खरं सांगायचं तर त्या व्हिडिओनंतर मलाही मोह झाला. मी नको म्हटलं ते भलेपणाने नव्हे. आमची पाटी आणि आमचे बाण त्याच फोटोंत दिसत होते.

तिसरी, वाट पुन्हा 'हरवून' टाकायची: ट्रॅक काढायचा, बाण पुसायचे, कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. माझा ट्रॅक मी त्याच रात्री काढला. मग शोधून पाहिलं तर त्याच वाटेचे आणखी चार ट्रॅक तिथे होते, आणि त्यांतल्या एकाने माझंच वर्णन जसंच्या तसं उचललं होतं, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. या लेखात वाटेचं नाव नाही ते यामुळे. उशिरा आलेलं शहाणपण आहे, पण आहे.

बाणांवर सगळ्यात जास्त वाद झाला. ते २०१७ च्या धुक्यानंतर काढले होते, हौसेने नव्हे. पुसले आणि उद्या कुणी पठारावर चुकलं तर? शोधायला जाणारी बचाव पथकंही आपल्यासारख्याच हौशी स्वयंसेवकांची असतात; त्यांना रात्री-अपरात्री पावसात हिंडवायचं का? दुसरी बाजू अशी की खालच्या रानात वाट इतकी ठसठशीत आहे की तिथे बाणांचा काही उपयोग नाही. २३ पैकी १९ बाण अण्णांनी चुकण्याच्या भीतीने काढलेच नव्हते. डबा संपेपर्यंत काढले होते. हे त्यांनीच कबूल केलं आणि पहिल्यांदा हसले.

उरलेल्या दोन सूचनांचं म्हणणं एकच होतं: त्या लीडरला आणि वाडीला एकत्र बसवायचं. अण्णा तयार नव्हते. "माझ्या वाटेवर मी त्या पोराची परवानगी मागू?" असं म्हणाले. त्यावर कुणीच बोललं नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बरं, 'माझ्या' नको म्हणायला."

## वाडीतली बैठक

लीडरला मी फोन केला. आधी त्याने कापला, मग रात्री त्याचाच आला. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी तो आला, एकटा, बाइकवर. मामांच्या ओट्यावर बसलो: मामा, वाडीतले आणखी तिघे, पाय मुरगळलेल्या मावशी, लीडर आणि आमच्यातले चौघे. कोरा चहा झाला.

आम्ही स्पीकर आणि कचरा यांवर बोलायची तयारी करून गेलो होतो. वाडीला त्यांचं काही विशेष नव्हतं. "वाजवू द्या, पोरं हायती," मामा म्हणाले. त्यांची तक्रार वेगळीच निघाली. शॉर्टकट त्यांच्या नाचणीतून जात होता. ट्रेकर वईतल्या, म्हणजे शेताच्या कुंपणातल्या, काट्या बाजूला सारून आत शिरत आणि भगदाड तसंच सोडून जात. जुलैत त्यातून गुरं आत घुसली आणि नुकती लावलेली रोपं खाऊन गेली. आणि घळीतलं पाणी आता शेत ओलांडून वाडीच्या वरच्या घरांकडे येत होतं.

हे शेवटचं वाक्य बोलताना ओट्यावर जी शांतता पसरली तिचा अर्थ रायगड जिल्ह्यात कुणाला सांगावा लागत नाही. दोनच महिन्यांपूर्वी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. तीही ठाकरांचीच वाडी, तीही गडाच्या पायथ्याची, आणि तिथल्या घरांतही शेकडो ट्रेकर जेवले होते. शॉर्टकटच्या घळीने दरड कोसळत नाही, ती कारणं फार मोठी असतात. मी तिथे तसं म्हणालेही. पण घरामागे नवीन पाणी वाहायला लागलेल्या माणसाला त्या पावसाळ्यात हे सांगून उपयोग नव्हता. त्याला झोप लागत नव्हती.

लीडरचा चेहरा उतरला. "मला वाटलं ती वाटच आहे. आम्ही मोबाइलवरच्या ट्रॅकनेच येतो," तो म्हणाला. कुणाचा ट्रॅक, हे मी तिथेच सांगितलं. माझ्या ट्रॅकवर शॉर्टकट नव्हता, पण तो मुद्दा काढणं मला बरं दिसलं नाही.

मग टाक्याचा विषय निघाला. एप्रिल-मेमध्ये वाडीची विहीर तळ गाठते तेव्हा बायका त्या टाक्याचं पाणी आणतात. त्यात पोहलेलं त्यांना अर्थातच आवडत नव्हतं. मावशी जाता जाता म्हणाल्या, "आन् ती पाटी."

अण्णांनी विचारलं, पाटीचं काय?

मामांनी मावशींकडे बघितलं. मग सांगितलं. पाटीखाली हातभर अंतरावर कातळाच्या कोनाड्यात शेंदूर लावलेला एक दगड आहे. आम्ही तो दर खेपेला पाहत होतो. कुठलातरी देव असेल म्हणून हात जोडत होतो. तो वाडीचा वाघोबा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला वाडी तिथे नारळ फोडायला जाते. देवाच्या डोक्यावर मेलेल्या माणसाच्या नावाची पाटी अडीच वर्षं होती.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं मानूस गेलेलं. कसं बोलायाचं?"

अण्णा उठून मागच्या अंगणात गेले. परत आले तेव्हा म्हणाले, वाघबारशीच्या आत काढतो.

## काय केलं

पाटी काढायला अण्णा, मी आणि तो लीडर असे तिघे गेलो. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, त्याला तारीख मामांकडून कळली. एक बोल्ट निघाला, दुसरा गंजून बसला होता, तो करवतीने कापावा लागला. भोकं सिमेंटने बुजवावीत असं अण्णांना वाटत होतं. मामांनी नको म्हटलं, आणखी काही चिकटवू नका. भोकं तशीच आहेत. लीडरने आपले स्टिकर काढले. ते काढणं पाटीपेक्षा जड गेलं, गोंदाचे डाग अजून दिसतात.

बाण तारेच्या ब्रशने घासले. काळ्या कातळावरचा ऑइलपेंट पुरता जात नाही, हे ज्यांना पुढे रंगाचा डबा उचलावासा वाटेल त्यांनी ध्यानात घ्यावं. रंग जातो, फिकट सावली राहते. पठारावरच्या चार जागी मात्र बाणांऐवजी दगडांच्या लगोऱ्या रचल्या, गुडघ्याएवढ्या. कुठे रचायच्या ते वाडीतल्या एका गुराख्याने सांगितलं. आमच्या अंदाजातल्या दोन जागा त्याने हसून बाद केल्या.

शॉर्टकटवर आधी पाण्याचं काम केलं. घळीत दर दहा-पंधरा पावलांवर दगडांचे तिरपे बांध घातले, म्हणजे पाणी बाजूच्या गवतात फुटावं. त्यावर सुक्या फांद्या टाकल्या. काटे टाकले नाहीत. वाडीची पाऊलवाट मोकळी केली आणि मामांच्या वईला बांबूचं बेडं, म्हणजे फाटक, बसवलं. खर्च आमचा आणि लीडरचा निम्मा निम्मा. बेड्याला लावायची दोरी महत्त्वाची ठरली. माणूस फाटक लावून घेतो. भगदाड लावून घेत नाही.

उरला माणसांचा आकडा. आम्ही वीस म्हणालो. लीडर म्हणाला, वीस जणांत बसचं भाडंही सुटत नाही. वाडीला तर जेवणारी माणसं जास्तच हवी होती. शेवटी चाळिसाला एक बॅच, दिवसाला एकच, आणि प्रत्येक बॅचबरोबर वाडीतला एक वाटाड्या, त्याचे ६०० रुपये वेगळे. आमच्यासारख्या सहा जणांनीही वाटाड्या घ्यायचा का? अण्णांनी आधी तोंड वाकडं केलं. आता घेतात.

## पुढे काय झालं

२०२४ च्या पावसाळ्यात त्या लीडरच्या बॅचेस ठरल्याप्रमाणे आल्या. वाटाड्या पुढे असला की दोन गोष्टी आपोआप होतात असं दिसलं. त्याच्या गावचं टाकं असल्यामुळे त्याच्यासमोर कुणी उडी मारत नाही. आणि मोळीवाली समोरून आली की तो आधी बाजूला होतो, मग मागचे चाळीसही होतात. स्पीकर पूर्ण थांबला नाही. वाडीच्या शेवटच्या घरापासून बंद ठेवायचा असं ठरलं होतं, ते निम्म्या वेळा पाळलं जातं.

३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर कडक मनाई आली. त्यानंतरच्या तीन-चार रविवारी आमच्या वाटेवर नवेच ग्रुप आले. तिकडची गर्दी इकडे सरकली असावी असा माझा तर्क आहे. त्यांना आमचा करार माहीत असण्याचं कारण नव्हतं. एका ग्रुपने बेडं मोडलं. मामांनी ते दुसऱ्या दिवशी बांधलं आणि तिसऱ्या दिवशी मला कळवलं, तेही बोलता बोलता.

घळ भरून आलेली नाही. पण पाणी फुटलं, वरच्या घरांकडे यायचं थांबलं. दोन बांध वाहून गेले होते, ते पुन्हा घातले.

## पुन्हा अशी वेळ आली तर

सगळ्यात आधी वाडीत गेलो असतो. हे इतकं उघड आहे की लिहिताना लाज वाटते. आम्ही त्या ओट्यावर वर्षानुवर्षं चहा प्यालो, पण वाटेबद्दल कधी एक प्रश्न विचारला नाही, कारण वाटेबद्दल सगळं आम्हालाच माहीत होतं. पाटी लावण्याआधी एक वाक्य बोललो असतो तर मामांनी कदाचित दुसरी जागाही दाखवली असती. आता अण्णा ती विचारत नाहीत. मित्राचा स्टोव्ह त्यांच्याकडे आहे, तो ते टाक्यावर नेतात, चहा करतात, परत आणतात.

ट्रॅक टाकला नसता. टाकायचाच तर पायथ्याच्या गावात वाटाड्या घ्यावा, पाणी कुठलं कशाचं, शेताची हद्द कुठे, एवढं तरी लिहिलं असतं. नुसती निळी रेघ ही वाटेची फार अपुरी ओळख आहे.

टाक्यावरचं भांडण मात्र टळलं असतं का, याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. आमच्यातल्या एकाचं म्हणणं आहे की तो तमाशा झाला नसता तर त्या पोराने तो प्रश्न विचारला नसता, आणि पाटी आजही तिथे असती. मला हे पटत नाही. प्रश्न नीट बसूनही विचारता आला असता. पण विचारला असता का, ते मी सांगू शकत नाही.

गेल्या महिन्यात अण्णांचा फोन आला. कुणीतरी 'दम' वळणावर लाल रंगाचे तीन नवे बाण काढलेत. तारेचा ब्रश घेऊन रविवारी निघू या का, विचारत होते. मी म्हटलं, आधी मामांना विचारू. वाडीत रेंज फक्त आंब्याखाली येते, म्हणून मामा संध्याकाळी गुरं घेऊन तिकडे येईपर्यंत थांबलो. मामा म्हणाले, ते बाण त्यांच्या पुतण्याने काढलेत. लग्नाचं वऱ्हाड वरून येणार होतं, म्हातारी माणसं होती बरोबर. लग्न झालं की पुसेल.

ब्रश मात्र घेऊन या म्हणाले. त्याच्याकडे नाही.